सहा रेघांचा सूर्य

श्रावण लागला की देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला जातो. खांब फोडून आलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, अंगाखांद्यावर लेकरं घेतलेल्या जरा-जिवंतिका, हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, असे सगळे त्या एका कागदावर असतात. नागपंचमी, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार या सगळ्यांची सोय छापखान्यानं करून दिलेली असते. आदितवारचा देव मात्र त्या कागदावर नसतो. श्रावणातला सूर्य रविवारी सकाळी घरच्या बाईनं आपल्या हातानं काढायचा असतो, विड्याच्या पानावर, रक्तचंदनानं.

मी शाळेत चित्रकला शिकवली आणि सून म्हणून वळसंगला आले. त्यामुळं ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. ज्या देवाची आकृती काढायला सगळ्यांत सोपी, लहान मूल पेन्सिल हातात धरायला शिकलं की पहिल्यांदा ज्याचं चित्र काढतं, त्याचीच आकृती दर आठवड्याला नव्यानं काढायला आपल्या आयाबायांनी का लावलं असेल? याचं उत्तर मला आमच्या सासूबाईंच्या पूजेत सापडलं आणि त्याचा दुजोरा फार लांबच्या, बर्फाच्या मुलखातल्या एका सूर्यदेवाकडून मिळाला.

डोक्यावरचा सूर्य, पानावरचा सूर्य

वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. इथं बाजारात उभं राहिलं की मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच वेळी कानावर येतात. पाऊस बेभरवशाचा, ऊन मात्र ठरल्या वेळी हजर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात, माणसं सावली धरून बसतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. हा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरी पाळी ऑगस्टच्या सुरुवातीला असते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

श्रावणही त्याच सुमाराला लागतो. म्हणजे सूर्य आमच्या थेट डोक्यावर असतो आणि ढगांमुळं दिसत नाही, नेमक्या त्या दिवसांत त्याला पानावर काढायची रीत आहे. जो आभाळात दिसत नाही त्याला घरात आणायचं. शेतात पेरणी झालेली असते, पिकाला पाण्याइतकीच उन्हाचीही गरज असते आणि सलग झड लागली की शेतकरी सूर्याची वाट बघतो. उन्हाळाभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याला श्रावणात हात जोडून बोलवावं लागतं.

सासूबाई रविवारी पहाटे उठल्या की कुणाशी बोलत नसत. मौनानं स्नान, मौनानं ताजं पाणी भरणं. मग सहाणेवर रक्तचंदनाचं खोड उगाळायचं. ते साध्या चंदनासारखं दरवळत नाही. त्याचं मोल रंगात असतं, ओल्या विटेसारखा गडद लाल रंग. नागवेलीचं धुतलेलं पान ताम्हनात उलगडून ठेवायचं आणि काडीनं त्यावर सहा रेघांचं मंडल काढायचं. सूर्याबरोबर राणूबाईही पुजली जाते. लोकमानसात ही सूर्याची पत्नी. गुजरातेतही सूर्यपत्नी रांदल या नावानं पुजली जाते. मग सहा सुतांचा तातू वळायचा आणि त्याला सहा गाठी द्यायच्या. पानफूल, धूप, गूळखोबऱ्याचा नैवेद्य. व्रत श्रावणातल्या पहिल्या आदितवारी धरायचं आणि माघातल्या रथसप्तमीला पुरं करायचं.

दुसऱ्या दिवशी पान कोमेजलेलं असायचं आणि ते तुळशीच्या मातीत जायचं. पुढच्या रविवारी नवं पान. आधीच्या रविवारचं चित्र पुढच्या रविवारी कामाला येत नसे.

कहाणीतला उपाशी माणूस

पूजा आटोपली की कहाणी. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, कथी हेळ्री," म्हणजे कहाणी सांगा. सासूबाई मराठीत सांगायच्या, मधल्या जागा कन्नडात भरायच्या.

आदित्य राणूबाईची कहाणी मराठी घरांत फार जुनी आहे. रानात गेलेल्या गरीब ब्राह्मणाला नागकन्या-देवकन्या हा वसा सांगतात. त्याचं घर भरतं. त्याच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. पुष्कळ वर्षांनी बाप त्यांना भेटायला जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. राणीला सवड नसते. प्रधानाची बायको मात्र बापाला बसवते आणि मनोभावे ऐकते. राणीच्या घरी दारिद्र्य येतं, बहिणीच्या घरी भरभराट होते. राणीची मुलं मावशीकडं मदत मागायला जातात. मावशी कोहळा पोखरून त्यात मोहरा भरून देते, काठी पोखरून देते. पण वाटेत सूर्यनारायण माळी होऊन, गुराखी होऊन ते काढून घेतो. शेवटी राणी स्वतः बहिणीकडं जाते, कहाणी ऐकते, आणि दिवस पालटतात.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो यापुढचा भाग. राणी राजाबरोबर आपल्या घरी निघते. वाटेत मुक्काम पडतो, स्वयंपाक होतो आणि तिला आठवण होते की आज कहाणी सांगायची आहे. मग आसपास कुणी उपाशी आहे का, याचा शोध घेतला जातो. एका मुक्कामी मोळीविक्या सापडतो. एका मुक्कामी असा माळी, की ज्याच्या विहिरीला पाणी नाही आणि मळा वाळलेला. एका मुक्कामी लेकरं गमावलेली म्हातारी. एका मुक्कामी हातपाय नसलेला माणूस. सहा मोत्यांतली तीन मोती त्यांना द्यायची, तीन आपल्या हातात ठेवायची आणि कहाणी सांगायची. ऐकता ऐकता मोळी सोन्याची होते, विहिरीला पाणी येतं, म्हातारीची मुलं परततात, माणसाला हातपाय येतात.

सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला त्या माळ्याची विहीर वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आटलेली विहीर म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

या कहाणीत फळ कशाला मिळतं ते नीट बघा. आकृती काढली, गाठी दिल्या, एवढ्यावर व्रत पुरं होत नाही. कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ज्याला सांगायचं तो उपाशी माणूस शोधून आणावा लागतो. राणीचा दोष एवढाच, की तिला ऐकायला सवड नव्हती. आदितवारचं हे व्रत लक्ष देण्याचं व्रत आहे: पानावरच्या रेघेकडं, सांगणाऱ्याकडं आणि दाराबाहेर न जेवता राहिलेल्या माणसाकडं.

बर्फाच्या मुलखातला दाझबोग

माझा एक जुना विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेला. त्यानं फोनवर मला एक चित्र पाठवलं. घरी छापून, कापून गळ्यात घालता येईल असा सूर्याचा कागदी ताईत, खाली नाव दाझबोग. "बाई, हा बघा इथला सूर्य," त्यानं लिहिलं होतं. त्या नावामागं मी लागले आणि वाचत गेले.

रशिया, युक्रेन, पोलंड, सर्बिया, बल्गेरिया या देशांतले बहुसंख्य लोक स्लाव भाषा बोलतात. ख्रिस्ती होण्याआधी त्यांचे स्वतःचे देव होते. विजेचा पेरुन, आणि सूर्याशी जोडलेला दाझबोग, म्हणजे देणारा देव. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कीव्हमध्ये लिहिल्या गेलेल्या इतिवृत्तात ९८० सालची नोंद आहे. राजा व्लादिमिरनं आपल्या वाड्याबाहेरच्या टेकडीवर देवांच्या मूर्ती उभ्या केल्या. पेरुनची मूर्ती लाकडाची, डोकं चांदीचं आणि मिशा सोन्याच्या. त्याच्यासोबत खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्गल आणि मोकोश. आठच वर्षांनी, ९८८ मध्ये, त्याच राजानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मूर्ती फोडल्या, जाळल्या. पेरुनला घोड्याच्या शेपटीला बांधून ओढत नेलं आणि नीपर नदीत लोटून दिलं. दाझबोगची मूर्ती कशी होती, हे सांगणारं एकही विश्वासार्ह चित्र आज शिल्लक नाही.

मात्र त्याचं नाव उरलं. त्याच परंपरेतल्या एका इतिवृत्तात १११४ सालाखाली एक जुनी कथा दिली आहे. तीत अग्नी आणि लोहारकामाचा देव स्वारोग, त्याचा मुलगा सूर्य आणि त्या सूर्याचं नाव दाझबोग असं येतं. पुढं ११८५ साली इगोर नावाचा राजपुत्र पोलोव्ह्त्सी टोळ्यांवर चालून गेला. वाटेत, १ मे ११८५ रोजी, सूर्यग्रहण लागलं. सैन्य घाबरलं, इगोर थांबला नाही आणि त्याचा पराभव झाला. त्या मोहिमेवरच्या प्रसिद्ध काव्यात तिथल्या लोकांना दाझबोगची नातवंडं म्हटलं आहे. ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं झाली होती, तरी कवीला आपलं कूळ सांगताना सूर्याची आठवण झाली.

ते ग्रहण वाचताना मला १६ फेब्रुवारी १९८० आठवलं. हुबळी-रायचूरच्या पट्ट्यात खग्रास ग्रहण होतं आणि आमच्या भागात सूर्याचा फार मोठा भाग झाकला गेला होता. भरदिवसा माणसं दारं लावून घरात बसली होती. सूर्य झाकला गेला की माणसाच्या पोटात जे कालवतं, ते नीपरच्या काठावर आणि भीमेच्या काठावर सारखंच असतं.

अंडं, तुळई आणि ताईत

तिकडं ऊन आमच्यासारखं मुबलक नसतं. हिवाळ्यात दिवस काही तासांचा, महिनोन्‌महिने बर्फ. अशा मुलखात सूर्याचं चिन्ह अंगावर, घरावर आणि अन्नावर आलं नसतं तरच नवल. हिवाळा सरताना मास्लेनित्सा नावाच्या सणाला ते गोल, सोनेरी धिरडी करतात आणि लोक त्यांना सूर्याचं रूप मानतात. लाकडी घरांच्या तुळयांवर आणि दर्शनी फळ्यांवर वर्तुळातलं सहा पाकळ्यांचं फूल कोरलेलं असतं, घराचं वीज-आगीपासून रक्षण व्हावं म्हणून. उत्खननांत सापडलेल्या जुन्या धातूच्या ताईतांत अनेक चंद्रकोरीच्या आकाराचे आहेत. बायका ते गळ्यात घालत.

या सगळ्यांत मला आपल्या पानाच्या सर्वांत जवळची वाटते ती युक्रेनमधली रंगवलेली अंडी. त्यांना पिसांका म्हणतात. कच्च्या अंड्यावर मेणानं बारीक रेघा काढतात आणि अंडं फिक्या रंगात बुडवतात. जिथं मेण असतं तिथं रंग चढत नाही. मग पुन्हा मेण, त्याहून गडद रंग, असं थरावर थर. शेवटी दिव्याच्या आचेवर मेण वितळवून पुसून काढलं की सगळे रंग एकदम दिसू लागतात. आपल्याकडच्या बाटिकच्या कापडाचं तंत्र हेच. या अंड्यांवर सूर्य, तारे, चक्रं असतात. ती आप्तांना द्यायची, घरात ठेवायची, घराला राखण म्हणून. ती जपावी लागतात, फुटतात आणि पुढच्या वसंतात पुन्हा काढली जातात. २०२४ साली युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

आता त्या छापील ताईताबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आज दाझबोगच्या नावानं जी चित्रं मिळतात ती आजच्या चित्रकारांनी कल्पनेनं काढलेली आहेत. त्यात काही वाईट नाही. देवाचं चित्र प्रत्येक पिढी नव्यानंच काढते. पण त्यांत वाकड्या आऱ्यांचं एक चक्र फार दिसतं, त्याला कोलोव्रात म्हणतात. त्याला प्राचीन म्हणून खपवलं जातं, मात्र त्याचा आजचा प्रसार विसाव्या शतकातला आहे आणि युरोपातल्या काही वंशद्वेष्ट्या गटांनी ते आपलं निशाण केलं आहे. म्हणून छापण्याआधी चिन्ह ओळखावं. सहा पाकळ्यांचं फूल निर्धोक आहे, खरोखरीचं जुनं आहे आणि आपल्या सहा रेघांच्या मंडलाशी त्याचं सहज जुळतं. दोन्हींचं मूळ एक आहे असा माझा दावा नाही. वर्तुळाचा स्वभावच सहाचा आहे, हे मात्र पुढं दाखवते.

ठसा आणि छापखाना

आपल्याकडंही देव छापायची कला कागदाच्या आधीची आहे. देवघरातले टाक आठवा. सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतो आणि घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, असा उठाव पत्र्यावर येतो. एका ठशावर शेकडो घरांचे देव निघतात. खंडोबा म्हणजे मार्तंड भैरव. मार्तंड हे सूर्याचं नाव, त्याचा वार रविवार, उधळण पिवळ्याधमक भंडाऱ्याची. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं पुण्यात राहून खंडोबावर वर्षानुवर्षं काम केलं आणि या देवाचं सूर्याशी असलेलं नातं मांडलं. सोलापूरला लागून असलेल्या बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीच्या यात्रेत जाऊन या. पिवळ्या रंगानं माखलेली माणसं बघितली की हे नातं समजून घ्यायला ग्रंथ लागत नाही.

लोणावळ्याजवळ मळवली नावाचं छोटं रेल्वे स्थानक आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर भाज्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एका विहाराच्या भिंतीवर घोड्यांच्या रथातून जाणारा देव कोरला आहे. बहुतेक अभ्यासक त्याला सूर्य मानतात, आणि मग तो देशातल्या सर्वांत जुन्या सूर्यशिल्पांपैकी एक ठरतो. त्याच मळवलीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्म्याचा छापखाना आला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना तिथं हलवला गेला आणि तिथून देवांची रंगीत चित्रं देशभर घरोघरी पोचली. ज्यांना देवळाच्या पायरीपर्यंतही जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर देव आले. छपाईचं हे मोठं पुण्य आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे.

सूर्याची मूर्ती स्वतःही प्रवास करून आलेली आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत लिहून ठेवलं की सूर्याची मूर्ती उत्तरेकडच्या वेषात करावी आणि तिची पूजा 'मग' नावाच्या पुरोहितांनी करावी. हे पुरोहित इराणकडून आलेले. म्हणून उत्तर भारतातल्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट दिसतात. इतर देव अनवाणी, सूर्य बूट घातलेला. तिकडं कीव्हच्या टेकडीवरच्या खोर्सचं नावही इराणी असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. सूर्य कुठल्याही एका देशाचा होऊन राहिला नाही, हे मुलांना सांगायला मला फार आवडतं.

कागदावर सूर्य कसा काढावा

रथसप्तमीला आमच्याकडं अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात, पाटावर सूर्याचा रथ काढतात, रुईची सात पानं अंगावर ठेवून स्नान करतात. त्या दिवसांत शेतात ज्वारीची कणसं भरलेली असतात. शाळांमध्ये सूर्यनमस्कार होतात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकात आपल्या संस्थानातल्या शाळांत ते रुजवले आणि त्यांचं वेड घराघरांत पोचवलं. ते स्वतः चित्रकारही होते. मी शाळेत असताना त्या दिवशी नमस्कार झाले की मुलांकडून सूर्य काढून घेत असे. तोच पाठ इथं देते.

कोरा कागद घ्या. परकारात पाच सेंटिमीटर अंतर धरा आणि वर्तुळ काढा. परकाराचं अंतर आता बदलायचं नाही. वर्तुळाच्या कडेवर कुठंही टोक ठेवा आणि वर्तुळाच्या आत कमान काढा. ती मध्यबिंदूतून जाईल आणि कडेला दोन ठिकाणी छेदेल. त्यातल्या एका छेदावर टोक ठेवून पुढची कमान. असं करत गेलात की सहाव्या कमानीनंतर तुम्ही बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर येता आणि सहा पाकळ्यांचं फूल तयार होतं. हे नशिबानं जुळत नाही. मध्यबिंदू आणि कडेवरचे शेजारचे दोन बिंदू मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण होतो, त्याचा कोन ६० अंशांचा, आणि ३६० अंशांत असे सहाच कोन बसतात. वर्तुळाचा स्वभाव सहाचा, तो असा.

आता पाकळ्यांच्या टोकांतून बाहेर सहा सरळ रेघा काढा. झालं सूर्याचं मंडल. युक्रेनमधल्या सुताराला ते ओळखीचं वाटेल आणि आमच्या सासूबाईंनाही वाटलं असतं.

याच्या प्रती काढायच्या असतील तर गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर काढून घ्या. फक्त रेघा छापा, रंग छापू नका. रंग मुलांना भरू द्या: हळद, कुंकू, उगाळलेलं रक्तचंदन, चुलीतला कोळसा. हळदीत चिमूटभर खाण्याचा चुना घातला की ती लाल होते. हा बदल मुलं डोळे विस्फारून बघतात. मग वर्तुळ कापा, वरच्या टोकाला भोक पाडा आणि सहा पदरी सूत ओवा. सुताला सहा गाठी. प्रत्येक गाठ मारताना मुलानं एका अशा माणसाचं नाव घ्यावं, ज्याच्यामुळं आज त्याला जेवण मिळालं. शेतकरी, गिरणीवाला, भाकरी थापणारी आई, पाणी सोडणारा, भाजी विकणारी, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. ही माझी भर आहे, परंपरेतली नव्हे. पण कहाणीतल्या उपाशी माणसाच्या शोधाशी ती इमान राखते असं मला वाटतं.

ताईत काय करतो, काय करत नाही

एक गोष्ट ठामपणे सांगते. हा कागद ताप उतरवत नाही. साप चावला, कुत्रं चावलं, मूल आजारी पडलं, तर गाठ बांधल्यानं काही होत नाही. दवाखाना गाठावा लागतो. साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून गंडेदोरे बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. उन्हाळ्यात सूर्याचं चित्र गळ्यात घालून भर दुपारी शेतात राबणाऱ्याला उष्माघात चुकत नाही. डोक्यावर टॉवेल, हाताशी पाणी आणि दुपारची विश्रांती हीच त्या देवाची योग्य पूजा.

मग ताईताचा उपयोग काय? माझ्या मते त्याचा उपयोग तो तयार करताना होतो. रेघ सरळ यावी म्हणून मूल श्वास रोखून बसतं, तेवढा वेळ त्याचं मन एका जागी असतं. सहा गाठी मारताना सहा माणसं आठवतात. कहाणी सांगताना सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसतात. आजकाल एका घरात चार माणसं चार पडद्यांकडं बघत जेवतात, तिथं ही फार मोठी राखण आहे. छापील देवानं दर्शन घरोघरी पोचवलं, त्याबद्दल त्याचे उपकार आहेत. पण काढणाऱ्या हाताला जे मिळतं ते छापील कागद विकत घेणाऱ्याला मिळत नाही. आदितवारचा सूर्य छापून न देणाऱ्या आपल्या आयाबायांना हे उमगलं होतं, यात मला शंका नाही.

दाझबोगची मूर्ती एका राजाच्या हुकुमानं उभी राहिली आणि त्याच राजाच्या हुकुमानं जमीनदोस्त झाली. बायकांनी अंड्यांवर काढलेली सूर्याची चिन्हं मात्र टिकली, कारण ती दर वसंतात कुणीतरी नव्यानं काढत होतं. आपली आदित्य राणूबाई अजून आहे, पण ती कहाणी तोंडपाठ असलेल्या बायका आता वयानं थकल्या आहेत. मराठी पोथ्यांत ती छापलेली मिळते, पण तुमच्या आजीच्या तोंडची, तुमच्या गावच्या बोलीतली, मधेच कन्नड किंवा तेलुगू शब्द येणारी कहाणी कुठल्याच पोथीत नाही.

तेव्हा येत्या श्रावणात एवढं करा. एका रविवारी सकाळी फोन बाजूला ठेवा, घरातल्या मुलाला शेजारी बसवा आणि दोघं मिळून सहा रेघांचा सूर्य काढा. व्रत करा किंवा करू नका, देव माना किंवा मानू नका. आजीला, आत्याला, शेजारच्या म्हाताऱ्या अक्काला कहाणी विचारा आणि ती जशी सांगेल तशी वहीत उतरवून घ्या. आणि जेवायला बसण्याआधी आपल्या गल्लीत आज कुणी उपाशी नाही ना, हे एकदा बघून या.